हुशार आहे, मग अडतं कुठे?

वाचकांचे प्रश्न

बुद्धी आणि यश यांचं नातं विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. पालक, शिक्षक, विद्यार्थी आणि नोकरदार अशा सगळ्यांचीच. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : बुद्ध्यांक जास्त असला की आयुष्यात यश मिळतंच का? एके ठिकाणी वाचावं तर बुद्ध्यांकच सगळं ठरवतो, दुसरीकडे वाचावं तर त्याला काही अर्थच नाही. खरं काय?

उत्तर : दोन्ही विधानं चुकीची आहेत. बुद्धीचा फायदा खरा आहे आणि तो मोजताही येतो. पण तो किती, हे तुम्ही ‘यश’ कशाला म्हणता त्यावर अवलंबून आहे.

लहानपणी किंवा तरुणपणी बुद्धी मोजायची आणि त्याच माणसांचा पुढे वर्षानुवर्षं माग ठेवायचा, असे अभ्यास अनेक देशांत झाले आहेत. तार्तू विद्यापीठाचे टार्मो स्ट्रेन्झे यांनी २००७ मध्ये ते एकत्र करून हिशेब मांडला. बुद्धीचा शिक्षणाशी सहसंबंध निघाला ०.५६, व्यवसायाच्या दर्जाशी ०.४५ च्या आसपास आणि उत्पन्नाशी जेमतेम ०.२३ च्या आसपास. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध.

हे आकडे नुसते वाचून फारसा बोध होत नाही, म्हणून त्यांचा अर्थ असा लावून पाहा. कुठलीही दोन माणसं घ्या आणि त्यांतली अधिक बुद्ध्यांकाची व्यक्ती बाजूला काढा. अशा शंभर जोड्या घेतल्या तर साधारण ६९ जोड्यांत अधिक बुद्ध्यांकाच्या व्यक्तीचं शिक्षणही अधिक असेल. उत्पन्न पाहिलं तर मात्र ही संख्या ५७ वर येते. नाणं उडवलं तर ५० येतात. म्हणजे शिक्षणात बुद्धी चांगलीच दिसते, पैशात दिसते पण अंधूक.

असं का होतं? बुद्धीच्या चाचण्यांचा जन्मच शाळेसाठी झाला. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली ती वर्गात मागे पडणारी, वेगळ्या मदतीची गरज असलेली मुलं ओळखण्यासाठी. शाळा जे मागते, म्हणजे शब्द, आकडे, तर्क आणि लक्षात ठेवणं, तेच चाचणीही मागते. शिक्षणामुळे चांगल्या व्यवसायाची दारं उघडतात. आत गेल्यावर मात्र आपल्यासोबत आलेले सगळेच साधारण तेवढे हुशार असतात, आणि मग फरक पडतो तो इतर गोष्टींनी: कामाची शिस्त, माणसं सांभाळणं, क्षेत्राची निवड, तब्येत, कुटुंबाचा आधार, आणि नशीबसुद्धा. स्ट्रेन्झे यांच्याच आकडेमोडीत आईवडिलांच्या शिक्षणाचा आणि आर्थिक स्थितीचा प्रभाव बुद्धीच्या फार मागे नव्हता. ही गोष्ट पालकांच्या चर्चेत सहसा कुणी काढत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

स्वीडनमध्ये सुमारे ५९ हजार पुरुषांच्या सैन्यभरतीच्या चाचण्या आणि पुढचे पगार ताडून पाहिले गेले. २०२३ मध्ये आलेल्या या अभ्यासात वर्षाला सुमारे ६० हजार युरो पगारापर्यंत बुद्धी आणि पगार एकत्र चढत गेलेले दिसतात. त्यापुढे बुद्धीचा आलेख सपाट होतो. सर्वांत जास्त पगाराच्या एक टक्का लोकांचे गुण त्यांच्या लगेच खालच्या गटापेक्षा किंचित कमीच होते. साठवलेल्या संपत्तीचं तर आणखी वेगळं. अमेरिकेत २००७ मध्ये जे झॅगोर्स्की यांनी केलेल्या पाहणीत बुद्ध्यांकाबरोबर उत्पन्न वाढत होतं, पण इतर गोष्टी हिशेबात धरल्यावर संपत्तीशी संबंध उरत नव्हता. कमावणं आणि राखणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बुद्ध्यांक पहिल्याला अधिक उपयोगी पडतो.

प्रश्न : असामान्य बुद्ध्यांकाची मुलं मोठेपणी काय करतात? त्यांतून शास्त्रज्ञ वगैरे घडतात का?

उत्तर : याचा सर्वांत जुना माग लुईस टर्मन यांनी घेतला. १९२१ पासून त्यांनी कॅलिफोर्नियात ढोबळमानानं १३५ च्या वर बुद्ध्यांक असलेली सुमारे दीड हजार मुलं निवडली आणि त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा करण्याची सोय केली. गट म्हणून ही मुलं सरासरीच्या बरीच पुढे गेली. प्राध्यापक, वकील, डॉक्टर, अभियंते झाली. नोबेल मात्र त्यांच्यापैकी कुणालाही मिळालं नाही. उलट विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांची त्याच काळात चाचणी झाली होती, आणि गुण कमी पडले म्हणून दोघांनाही गटात घेतलं नव्हतं. पुढे शॉकली यांना १९५६ चं आणि अल्वारेझ यांना १९६८ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं.

या अभ्यासातला सर्वांत शिकण्याजोगा भाग फारसा सांगितला जात नाही. टर्मन यांनी गटातल्या पुरुषांपैकी सर्वांत यशस्वी सुमारे १५० आणि सर्वांत मागे राहिलेले सुमारे १५० वेगळे काढले. लहानपणच्या बुद्ध्यांकात दोन्ही गटांत नावापुरताच फरक होता. प्राथमिक शाळेतही दोघे बरोबरीनं होते. वरच्या वर्गांत गेल्यावर वाटा फुटल्या. वेगळेपण होतं ते चिकाटीत, ध्येयाकडे सलग जाण्यात, आत्मविश्वासात आणि घरच्या शैक्षणिक वातावरणात. गटातल्या मुली तेवढ्याच हुशार होत्या, पण त्यांतल्या फार मोठ्या संख्येला त्या काळात घराबाहेर काम करण्याची संधीच मिळाली नाही. संधी नसेल तर कितीही बुद्ध्यांक असो, तो वाया जातो.

यावरून ‘एका मर्यादेपलीकडे बुद्धी निरुपयोगी’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या दुसऱ्या दीर्घ अभ्यासात बारा-तेरा वर्षांच्या, गणितात वरच्या एक टक्क्यात बसणाऱ्या मुलांचा माग ठेवला आहे. त्या एक टक्क्यातही वरच्या चतुर्थांशातल्या मुलांनी खालच्या चतुर्थांशापेक्षा अधिक डॉक्टरेट आणि अधिक पेटंटं मिळवली. गणित-विज्ञानासारख्या क्षेत्रात जास्तीची बुद्धी शेवटपर्यंत कामाला येते.

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मुलाची मानसशास्त्रज्ञांकडे चाचणी झाली. अहवालात बुद्ध्यांक १३२ आहे. तरी शाळेतून ‘वेळेत लिहून होत नाही’ अशी तक्रार येते. अहवाल चुकला असेल का?

उत्तर : अहवाल बहुधा बरोबर आहे. तुम्ही त्यातला एकच आकडा वाचला असावा.

आधी तो आकडा. या मापनात सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचं माप, १५ धरतात. साधारण ६८ टक्के लोक ८५ ते ११५ मध्ये असतात, आणि १३० च्या वर दोन टक्क्यांच्या आसपास. १३२ म्हणजे त्या वयाच्या शंभरांतली अठ्ठ्याण्णव मुलं त्याच्या मागे. पण कोणतंही मापन नेमकं नसतं. अहवालात त्या आकड्याशेजारी ‘१२६ ते १३६’ असा पल्ला छापलेला असेल. वाचायचा तो पल्ला. १३२ आणि १२९ यांत फरक आहे असं मानून दोन भावंडांची तुलना करणं अगदी चूक.

आता पुढचं पान उघडा. मुलांसाठीच्या वेक्स्लर चाचणीच्या पाचव्या आवृत्तीत पाच स्वतंत्र गुण असतात: शाब्दिक आकलन, आकार-अवकाशाची समज, नव्या प्रश्नावरचा तर्क, कार्यस्मृती (माहिती क्षणभर मनात धरून वापरणं) आणि काम उरकण्याचा वेग. समजा, शाब्दिक आकलन १४० आहे आणि वेग ९८. वेग सरासरीच आहे, त्यात काही वावगं नाही. पण त्या मुलाच्या डोक्यात उत्तर तयार होतं आणि हात मागे राहतो. वर्गात तोंडी विचारलं की पहिला हात त्याचा, आणि लेखी परीक्षेत शेवटचे दोन प्रश्न कोरे. शिक्षकांना वाटतं आळशी आहे, घरच्यांना वाटतं लक्ष देत नाही. अगदी वीस-पंचवीस गुणांची दरी असली तरी एकत्रित १३२ या आकड्याचा फार उपयोग नाही, दरीचा आहे.

अशा वेळी करायचं काय? शिक्षकांना दोन्ही गुण दाखवा आणि काही चाचण्यांत थोडा जास्त वेळ देऊन फरक पडतो का ते पाहा. पडला, तर अडचण ज्ञानाची नाही, वेगाची आहे हे स्पष्ट होतं. घरी रोज दहा मिनिटं घड्याळ लावून सोपा, आधीच येणारा मजकूर लिहून घ्या, म्हणजे लिहिण्याची कृती अंगवळणी पडते. अवघड मजकूर घेतलात तर विचार आणि लेखन दोन्हींचा भार एकदम पडतो आणि सराव फुकट जातो. डोळे तपासा. अक्षर काढताना हात दुखतो का, पेन फार घट्ट धरतो का, तेही पाहा.

आणखी तीन गोष्टी तपासून घ्या. चाचणीची आवृत्ती जुनी तर नाही ना; विसाव्या शतकात अनेक देशांत लोकांचे गुण दर दहा वर्षांनी सुमारे तीननं वाढत गेले, त्यामुळे जुन्या मानकांवर मोजलं की आकडा फुगतो. चाचणी मूल आजारी किंवा घाबरलेलं असताना तर झाली नाही ना. आणि तीच चाचणी वर्षभराच्या आत पुन्हा देऊ नका, कारण सरावानंच गुण वाढतात. फुकटच्या ऑनलाइन चाचण्यांचा आकडा कुठेच वापरू नये.

प्रश्न : मुलगी आठवीपर्यंत फारसा अभ्यास न करता पहिल्या तीनांत यायची. आता दोन वर्षं गुण घसरताहेत. ‘सगळं समजतं’ म्हणते, पण पेपरात येत नाही. बुद्धी कमी होते का अशी?

उत्तर : बुद्धी कमी झालेली नाही. हुशार मुलांच्या बाबतीत घोडं नेमकं इथेच पेंड खातं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

खालच्या वर्गांत अभ्यासक्रम तिच्या आकलनाच्या वेगापेक्षा हळू होता. एकदा ऐकलं की पुरे. त्यामुळे उजळणी, स्वतःची परीक्षा घेणं, न जमलेल्या गणितापाशी पुन्हा बसणं यांतलं काहीही शिकावं लागलं नाही. इतर मुलं ती कौशल्यं सात-आठ वर्षं घासूनपुसून तयार करत होती. वरच्या वर्गात एक धडा दुसऱ्यावर उभा असतो, मजकूर तिप्पट होतो आणि एका ऐकण्यात मावत नाही. तिच्याकडे आता पद्धतच नाही. वाचते, वाक्यं ओळखीची वाटतात, आणि त्या ओळखीलाच ती ‘समजलं’ म्हणते. पुस्तक समोर असताना ओळखणं आणि पुस्तक मिटून आठवणं या मेंदूच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पेपर दुसरी मागतो.

रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग याच जागेवर बोट ठेवतो. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे उजळणी म्हणून नुसतं वाचलं की त्या दिवशी आत्मविश्वास वाढतो आणि आठवड्यानं दगा बसतो.

एक बैठक कशी असावी ते पाहा. धडा प्रकाशाच्या अपवर्तनाचा आहे असं धरा. बारा-पंधरा मिनिटं लक्ष देऊन वाचायचं, खुणा करायच्या नाहीत. पुस्तक मिटायचं. कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं लिहायचं, आकृतीसह. ती बहुधा लिहील, ‘प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना वाकतो.’ आता पुस्तक उघडून लाल पेनानं सुटलेलं भरायचं. कुठे वाकतो ते राहिलं: हवेतून काचेत शिरताना लंबाकडे. का वाकतो ते राहिलं: काचेत वेग कमी होतो म्हणून. आणि लंबाच्या दिशेनंच आत शिरला तर वाकत नाही, हे तर तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. या तीन लाल ओळी म्हणजे तिचा खरा अभ्यास. बाकीचं तिला येतच होतं. शेवटची दहा मिनिटं त्यावरचे दोन-तीन प्रश्न, उत्तर न पाहता. झाली एक बैठक, चाळीसेक मिनिटांत.

तोच कोरा कागद दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग तीन आठवड्यांनी. दर वेळी आधी आठवायचं, मग पाहायचं. पुढच्या खेपांना पाच-सात मिनिटं पुरतात. गणितासाठी वेगळी चुकांची वही ठेवावी, आणि त्यात बरोबर उत्तर उतरवण्यापेक्षा ‘मी कुठे आणि का वळले’ एवढं एका ओळीत लिहावं. ‘चिन्ह चुकलं’ ही वेगळी चूक, ‘कोणतं सूत्र लावायचं कळलं नाही’ ही वेगळी. पहिलीला सावकाशपणा लागतो, दुसरीला मिश्र उदाहरणांचा सराव. धड्याच्या शेवटची सगळी गणितं एकाच प्रकारची असतात, त्यामुळे कोणती पद्धत निवडायची हा प्रश्नच पडत नाही. परीक्षेत तोच पडतो.

पहिले दोन आठवडे अवघड जातील. आजवर सगळं सहज येत असल्यानं ‘कष्ट पडताहेत म्हणजे मी हुशार नाही’ असा तिचा समज झालेला असतो. कोऱ्या कागदावर निम्मंच आठवलं की ती वैतागून पुन्हा वाचनाकडे वळते, कारण वाचताना बरं वाटतं. बहुतेक घरांत प्रयोग इथेच मोडतो. तिला आधीच सांगा की पहिल्या खेपेला निम्मं आठवणं सामान्य आहे. आणि ‘किती तास बसलीस?’ हे विचारू नका. कागद मागा.

कौतुकाची भाषाही बदलायला हवी. म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत, सोप्या कोड्यांनंतर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत केलीस’. नंतर अवघड कोड्यांत अपयश आल्यावर ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांची गोडी कमी झाली आणि पुढची कामगिरी खालावली. पण याचा फार बोलबाला झाला म्हणून सावधही करतो: ‘बुद्धी वाढू शकते’ एवढं मुलांना शिकवण्याचा परिणाम असतो, पण लहान. अमेरिकेत सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये छापून आलेल्या चाचणीत मागे असलेल्या मुलांची श्रेणी ४.३ च्या मापावर सुमारे ०.१ नं सुधारली. नुसत्या शब्दांवर विसंबू नका. पद्धत हातात द्या.

प्रश्न : मग चिकाटी बुद्धीपेक्षा मोठी, असं म्हणायचं का?

उत्तर : शाळेतल्या गुणांपुरतं काही वेळा तसं दिसतं. डकवर्थ आणि सेलिगमन यांच्या २००५ च्या अभ्यासात आठवीतल्या मुलांच्या वर्षअखेरच्या गुणांचा अंदाज बुद्ध्यांकापेक्षा स्वयंशिस्तीवरून अधिक चांगला बांधता आला. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा माग घेतल्यावर, ज्यांचा बालपणी स्वतःवर ताबा अधिक होता त्यांची वयाच्या बत्तिसाव्या वर्षीची तब्येत आणि पैशाची घडी अधिक चांगली दिसली. बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती वेगळी काढूनही.

पण ‘चिकाटी’ म्हणून जे गुण मोजले गेले, ते पुढच्या तपासणीत जुन्या, परिचित नेटकेपणापेक्षा फार वेगळे निघाले नाहीत. लहान मुलासमोर गोड पदार्थ ठेवून ते तो लगेच खातं की थांबतं हे पाहणारा, आणि थांबणारी मुलं पुढे सरस ठरतात असं सांगणारा प्रसिद्ध प्रयोगही २०१८ मध्ये मोठ्या गटावर पुन्हा केला गेला, तेव्हा त्याचा परिणाम निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर त्यातलाही बराचसा गळाला. ज्या घरात उद्याची शाश्वती नाही तिथलं मूल आज मिळालेलं आजच घेतं, यात त्याच्या स्वभावाचा दोष नाही.

आमच्या मते दोन्हींत तराजू धरण्यापेक्षा चिकाटीला सवयीचं रूप देणं अधिक उपयोगी. ‘रोज अभ्यास करीन’ हा संकल्प टिकत नाही. ‘संध्याकाळी सात वाजता, खिडकीजवळच्या टेबलावर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आधी चुकांची वही उघडीन’ हा टिकतो, कारण वेळ, जागा आणि पहिली कृती ठरलेली असते. अशा ‘केव्हा-कुठे-कसं’ ठरवण्यावर झालेल्या ९४ चाचण्यांचा २००६ मध्ये आढावा घेतला गेला, आणि परिणाम मध्यम ते मोठा निघाला. मानसशास्त्रात एवढा परिणाम देणारे उपाय थोडे आहेत, आणि याला खर्च काहीच नाही.

प्रश्न : कामात मी सहकाऱ्यांपेक्षा लवकर शिकते, अवघड गोष्टी मीच सोडवते. बढती मात्र इतरांना. बुद्धीला किंमत नाही का?

उत्तर : किंमत आहे, पण समजली जाते त्यापेक्षा कमी. बुद्धी आणि कामातली कामगिरी यांचा सहसंबंध अनेक वर्षं ०.५१ मानला जात असे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आकडेमोड दुरुस्त केल्यावर तो ०.३१ वर आला. ठरावीक प्रश्नांच्या शिस्तशीर मुलाखतीचा आकडा त्याहून वर, ०.४२ आहे.

तुमच्या प्रश्नात एक शब्द महत्त्वाचा आहे: ‘सोडवते’. अवघड गोष्ट सुटली हे वरिष्ठांना कळतं कसं? सहसा कळत नाही. त्यांना दिसतं ते इतकंच: काम वेळेत आलं का, त्यात पुन्हा हात घालावा लागला का, आणि अडचण आधी सांगितली की शेवटच्या दिवशी. तरतरीत डोक्याची माणसं तिन्ही ठिकाणी ठेच खातात. काम डोक्यात सुटलं की त्यांच्या लेखी ते संपतं, आणि उरलेला रटाळ भाग, म्हणजे तपासणी, नोंदी, इतरांना कळवणं, रेंगाळतो. मनात उडी मारून उत्तरापर्यंत पोचल्यामुळे मधल्या पायऱ्या सांगितल्या जात नाहीत, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की अंदाजानं बोलताहेत.

दोन महिने एवढं करून पाहा. अवघड काम संपलं की अर्ध्या पानाचं टिपण लिहा. पहिल्या ओळीत निष्कर्ष. मग अडचण काय होती, कोणते दोन पर्याय होते, हाच का निवडला, आणि अजून काय अनिश्चित आहे. ते त्या विषयाची माहिती नसलेल्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि पहिल्यांदा कुठे थांबला ते विचारा. तिथे तुमची एक पायरी गळालेली असते. बैठकीत दुसऱ्याची चूक दिसली तर ती दुरुस्त करण्याआधी त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत एकदा मांडा. निम्म्या वेळा तो स्वतःच ती दुरुस्त करतो आणि कटुता राहत नाही. आणि वरिष्ठांना थेट विचारा, ‘पुढच्या पदासाठी माझ्यात तुम्हाला काय कमी दिसतं?’ हे करूनही ठोस उत्तर मिळत नसेल, तर दोष तुमच्यात नसून जागेत असू शकतो. मग जागा बदलण्याचा विचार करावा.

प्रश्न : चांगली शिकलेली, बुद्धिमान माणसंही भलत्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवतात?

उत्तर : आधी हे सोडवा. तळ्यात कमळाच्या पानांचा थर दररोज दुप्पट होतो. पूर्ण तळं झाकायला ४८ दिवस लागतात. अर्धं तळं किती दिवसांत झाकलं जाईल? २४ हे उत्तर चटकन सुचतं आणि चुकतं. बरोबर उत्तर ४७. शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये असे तीनच प्रश्न नामवंत विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनाही विचारले आणि तिथेही अनेकजण चुकले. गणित सर्वांना येत होतं. सुचलेल्या उत्तराला थांबवून तपासणं राहिलं.

कीथ स्टॅनोविच यांनी या तपासून पाहण्याच्या सवयीला बुद्ध्यांकाहून वेगळं मानलं आहे, आणि ते पटतं. विशेषतः आपल्या आवडत्या मताच्या बाजूचेच पुरावे पाहण्याची खोड हुशार लोकांत कमी नसते. त्यांना आपल्या बाजूनं अधिक सफाईदार कारणं सुचतात, म्हणून चूक उलट घट्ट बसते. मोठ्या निर्णयाआधी कागदावर तीन ओळी लिहाव्यात: अशा प्रसंगी इतरांचं साधारण काय होतं, मी चुकत असेन तर ते कशावरून कळेल, आणि हा निर्णय पुन्हा कोणत्या तारखेला तपासणार. तारीख न टाकल्यास उरलेल्या दोन ओळी कुणी परत वाचत नाही.

प्रश्न : मेंदूचे खेळ, विशिष्ट संगीत वगैरेंनी बुद्ध्यांक वाढतो का?

उत्तर : खेळानं त्या खेळातलं कौशल्य वाढतं. बाकी कामांत ते उतरत नाही, असंच मोठ्या पाहण्यांतून दिसलं आहे. मोत्सार्टच्या संगीताची कीर्ती ज्या १९९३ च्या प्रयोगातून पसरली त्यात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी होते आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला होता. त्यावर पैसे घालवू नका.

शाळेत टिकून राहण्यानं मात्र खरंच फरक पडतो. सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा आढावा २०१८ मध्ये घेतला गेला, त्यात शिक्षणाच्या दर वाढीव वर्षामागे बुद्ध्यांक एक ते पाच गुणांनी वाढलेला दिसतो. गरोदरपणात आणि बालपणी आयोडीन पुरेसं मिळणं, आणि शिशापासून, म्हणजे शिसं असलेल्या जुन्या रंगांपासून व धुळीपासून, मूल लांब ठेवणं, यांनी होणारं नुकसान टळतं. पुरेशी झोप, आणि नजर व ऐकू येणं वेळेवर तपासणं, यांनी बुद्ध्यांक वाढत नसला तरी असलेली बुद्धी वापरता येते.

प्रश्न : फार हुशार माणसं एकाकी आणि दुःखी असतात, हे खरं का?

उत्तर : नाही. उच्च बुद्ध्यांकाच्या मंडळांच्या सदस्यांना विचारून काढलेले निष्कर्ष गाजले, पण अशा मंडळात कोण जातं यावरच ते अवलंबून असतात. ब्रिटनमधल्या मोठ्या लोकसंख्येची माहिती तपासली तेव्हा उच्च बुद्धी असणाऱ्यांत मानसिक विकार अधिक आढळले नाहीत. आयुष्य किती लाभतं हे पाहिलं तरी हुशारी तोट्याची दिसत नाही. स्कॉटलंडमध्ये १ जून १९३२ रोजी अकरा वर्षांच्या ८७,४९८ मुलांची एकाच दिवशी चाचणी झाली होती. त्यांतल्या ॲबर्डीनच्या मुलांचा पुढे माग काढल्यावर, पंधरा गुणांनी कमी असलेल्यांची ७६ व्या वर्षापर्यंत जगण्याची शक्यता सुमारे एकपंचमांशानं कमी निघाली. आपल्या पाल्याला एकटेपण जाणवत असेल तर ‘हुशार आहे म्हणून’ असं म्हणून सोडून देऊ नका. कारण शोधा, गरज वाटल्यास समुपदेशकांना भेटा.

प्रश्न : मुलाला त्याचा बुद्ध्यांक सांगावा का?

उत्तर : आकडा नको. आकडा वर्गात पोचतो, आणि पुढच्या प्रत्येक अपयशात मूल तो पणाला लागल्यासारखं वागतं. अवघड काम टाळायला लागतं. त्याऐवजी अहवालातलं उपयोगाचं सांगा: ‘नवीन गोष्ट तुला ऐकून पटकन कळते. लिहायला तुला जरा वेळ लागतो, म्हणून पेपरात सोप्या प्रश्नांपासून सुरुवात कर आणि दर वीस मिनिटांनी घड्याळ बघ.’ त्यानं आकडा विचारलाच, तर खोटं बोलू नका. चाचणी त्याला कसं शिकवावं हे कळण्यासाठी घेतली होती असं सांगा आणि अहवाल मोठा झाल्यावर दाखवू म्हणा. भावंडांसमोर हा विषय काढू नका.